गव्हाच्या रसातला विंचू

२ नोव्हेंबर २००३, रविवार. वैशाखरे

सेंट्रिफ्यूज आलं. मुरबाडहून टेम्पोत, गोधड्यांत गुंडाळून. उतरवायला चार माणसं लागली, पाचवा नुसत्या सूचना करत होता. मागच्या खोलीत सिमेंटच्या ओट्यावर बसवलं आहे. पुढच्या खोलीत मी.

ही इमारत मुंबईच्या एका न्यासाने दवाखान्यासाठी बांधली होती. दवाखाना चालला नाही, आणि मला या दोन खोल्या मार्च २००६ पर्यंत वापरायला मिळाल्या. पुढच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचं चित्र आहे. आई, बाप, दोन मुलं. काढता येत नाही, थेट भिंतीवरच रंगवलेलं आहे.

इतक्या आडबाजूला का, असं संस्थेत सगळ्यांनी विचारलं. विंचू तिथे आहेत म्हणून, असं मी सांगितलं. ते खरंच आहे. जूनमध्ये आई गेल्यावर मुंबईत राहायला तसं कारण उरलं नव्हतं, पण ते कुणाला सांगायची गरज नव्हती. माझे मार्गदर्शक गुप्ते सर आता पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत आहेत. म्हणाले, "कुंदा, सहा महिन्यांत काहीतरी उभं करून दाखव, मी स्वतः बघायला येईन."

प्रयोगांची वही वेगळी आहे. ही उरलेल्यासाठी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इथे दिवसातून सहा तास वीज नसते. गव्हाचा अर्क अतिथंड ठेवावा लागतो, नाहीतर तासाभरात निकामी होतो. उपाय मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यात सापडला. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्यामुळे तो तालुक्यात नेमाने येतो. वरची परवानगी मी आणलीच होती. तिथले देवराम गोजरे भेटले. पशुधन पर्यवेक्षक, पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली हे शिपायाने न विचारता सांगितलं.

गोजरे म्हणाले, आठवड्याला पाच लिटर देता येईल. न्यायला कुणाला पाठवाल? कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, मंगळवारी माझी त्या बाजूला फेरी असते.

सोय झाली.

१९ नोव्हेंबर

तलाठी चौकशीला आला होता, इथे नक्की काय चालतं म्हणून. सांगितलं. गव्हाच्या दाण्यात अंकुर असतो. तो कुटून रस काढला की पेशी फुटतात, मरतात. पण पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा त्या रसात काही तास चालू राहते. तिला बाहेरून निरोप द्यायचा. विंचवाचा निरोप दिला तर ती विंचवाचं प्रथिन बनवते. निरोप कुणाचा हे ती विचारत नाही.

"म्हणजे गहू मेला तरी काम करतो," तलाठी म्हणाला. अकरा वर्षांत मला हे इतकं थोडक्यात सांगता आलेलं नाही.

विंचवाचंच का, हेही विचारलं. विंचू चावल्यावर देण्याचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढतात. त्यासाठी घोड्याला आधी थोडं थोडं विष टोचावं लागतं, आणि ते विष मिळवायला हजारो विंचू पकडावे लागतात. गव्हाने ते विष बनवलं तर विंचू पकडायला नकोत. हे त्याला पटलं नाही. विंचू पकडले जात असतील तर त्यात वाईट काय, असं त्याचं म्हणणं.

२८ नोव्हेंबर

तिसरा अर्कही मेलेला. गिरणीतून आणलेले अंकुर यंत्रात तापलेले असतात. म्हणून घरी गहू आणून मिक्सरवर भरडले, तेही तापले. त्यातून अंकुराला गव्हाचा पांढरा गर चिकटून राहतो, आणि त्या गरातच यंत्रणा बंद पाडणारं द्रव्य असतं. अंकुर एकेक करून निवडायला हवेत. माझ्या डोळ्यांना अर्ध्या तासात पाणी येतं.

चार दिवस कुणाशी बोललेले नाही असं आज लक्षात आलं. दुकानदाराला "साबण" म्हटलं तेव्हा आवाज घोगरा आला.

४ डिसेंबर

निवडायला बाई मिळाली. काशी मेंगाळ, वरच्या ठाकूरवाडीतली, पस्तिशीची असेल. सगळ्यांना अरेतुरे करते, मलाही. पहिल्या दिवशी खटकलं. तिला भिंग दिलं. तिने ते एकदा डोळ्याला लावलं आणि परत ठेवलं. अंकुराला ती दाण्याचा डोला म्हणते.

संध्याकाळपर्यंत तिने वाटीभर निवडले. मी आठ दिवसांत तेवढे केले नव्हते.

१६ डिसेंबर, मंगळवार

काशीने आज मिक्सरकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यानं तू त्याला भाजतेस." घरून जातं आणते म्हणाली. मला वाटलं बोलण्यातलं बोलणं. पण दुपारी तिचा नवरा लखमा खरंच जात्याची तळी डोक्यावर घेऊन उतरला, वरचं पाळं तिने स्वतः आणलं. जात्याच्या पाळ्यांत थोडी फट ठेवून तिने गहू नुसते भरडले, चाळले, मग सुपात घेऊन पाखडायला बसली. कोंडा पुढे उडाला, गर मागे राहिला आणि सुपाच्या एका कडेला पिवळट अंकुर गोळा झाले. पुस्तकातली पद्धत दोन विषारी द्रावणांत अंकुर तरंगवण्याची आहे. सुपाचा उल्लेख कुठे नाही.

गोजरे नायट्रोजन घेऊन आले ते तासभर बघत उभे राहिले. त्यांची फेरी आज लवकर आटोपली असावी.

२० जानेवारी २००४, मंगळवार

झालं.

नवा अर्क चालतो की नाही हे तपासायला बाजारात तयार निरोप मिळतो, काजव्याचा. काजव्याचं प्रकाश पाडणारं प्रथिन बनलं तर नळी उजळते. प्रकाश मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. दुपारी एक वाजता खिडक्यांना काळे कागद लावले, वर काशीची घोंगडी घेतली, आणि आम्ही तिघं तिच्याखाली बसलो. मी, काशी, गोजरे. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं लागली. मग मी शेवटचा थेंब घातला.

हिरवट पिवळा उजेड. फार मंद, पण नळीचा तळ पूर्ण दिसत होता.

"काजवा कुठं हाय?" काशीने हळूच विचारलं.

"काजवा नाही. काजव्यात उजेड पाडणारं जे असतं तेवढंच."

"गव्हानं केलं?"

"गव्हाने."

गोजरे यांचा श्वास जोरात येत होता. दम्याचा त्रास आहे का विचारायला हवं, घोंगडीत धूळ होती.

बाहेर आल्यावर काशी पायरीवर बसून राहिली. नंतर विचारलं, "मानसाचं करतं का ह्ये?" मी म्हटलं, निरोप मिळाला तर माणसाचंही. तिने मान हलवली. अडाणी बाईने इतका नेमका प्रश्न विचारावा याचं कौतुक वाटलं.

सरांना चार पानी पत्र.

३ फेब्रुवारी

काशीने आज चिंधीत बांधलेले केस आणले. लहान मुलाचे, मऊ, भुरकट, चिमूटभर. म्हणाली, "ह्यातून काय निघंल का?"

मी समजावलं. केस म्हणजे केराटिन, तयार झालेलं, मेलेलं प्रथिन. त्यात निरोप शिल्लक नसतो. मुळापासून उपटलेला केस असता तर मुळाच्या पेशीत थोडा सापडला असता, पण हे कापलेले आहेत. शिवाय केराटिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्या रसात बनवलं तरी गुठळी होईल. हा मुद्दा मी यापूर्वी पाहिला नव्हता. प्रथिन विरघळणारं आहे का हे आधी बघायला हवं. विंचवाचं विरघळतं, तेव्हा काळजी नाही.

काशीने चिंधी परत बांधली. दुपारनंतर ती लवकर गेली.

९ मार्च

विंचू यायला लागले. पोरंसोरं दगड उलटून डब्यात भरून आणतात. लाल, लहान चणीचे, हेच घातक. एकवीस झाले. नांगीच्या पिशव्या काढून नायट्रोजनमध्ये ठेवते. पुण्याला सर त्यांतून विषाचा निरोप वेगळा करून देणार आहेत, ते काम इथे होण्यासारखं नाही.

डबे आल्यापासून काशी मागच्या खोलीत पाऊल टाकत नाही. ओसरीवर बसून निवडते. अंधश्रद्धा असते या लोकांत.

२२ एप्रिल

सरांचं उत्तर. नऊ ओळी. पिशव्या पोचल्या, काम चालू आहे, येणं तूर्त जमणार नाही. खाली हाताने लिहिलं आहे, "अंकुर वेगळे करण्याची तुझी पद्धत सविस्तर पाठव, अगदी बारीकसारीक तपशिलासह."

चौदा पानं लिहिली. जात्याच्या दोन पाळ्यांत अंतर किती, सूप कोणत्या कोनात, एका झटक्यात किती दाणे. काशीला तीनदा करून दाखवायला लावलं. इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत लिहिलेलं नव्हतं. लिहिताना सर वाचताहेत असंच वाटत होतं.

२५ मे

पुण्याहून विंचवाचा निरोप आला, प्रथिन बनलं, आणि काही उपयोग नाही.

कागदाच्या पट्टीवर आपल्या प्रथिनाचा थेंब ठेवायचा, वर मुंबईहून आणलेलं घोड्याचं प्रतिविष फिरवायचं. प्रतिविषाने विष ओळखलं तर तिथे जांभळा ठिपका उमटतो. पट्टी कोरी. प्रथिन आहे पण त्याच्या घड्या नीट पडत नाहीत, उसवलेल्या कापडासारखं झालं आहे. अर्क टिकण्यासाठी जे रसायन घालतो तेच घड्या पडू देत नाही, असा संशय आहे.

उकाड्याने डोकं दुखतं. काशीने करवंदं ठेवली होती टेबलावर. कधी ठेवली कळलं नाही.

८ जून, मंगळवार

गोजरे यांची शहापूरला बदली झाली. मी म्हटलं, मग नायट्रोजनचं काय? ते म्हणाले, तिथूनही मंगळवारी आणत जाईन, किन्हवलीवरून आलं की वाटेतच पडतं.

गेल्यावर काशी बराच वेळ हसत होती. का ते सांगेना. "वाट तुझीच हाय म्हन त्याची," एवढंच म्हणाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. किन्हवलीचा रस्ता चांगला असेल.

६ जुलै

ते रसायन काढून टाकलं. पट्टीवर ठिपका. एकदा नाही, पाच वेळा. मोहरीएवढा, जांभळा. गव्हाने विंचवाचं विष बनवलं आणि घोड्याच्या रक्ताने ते ओळखलं.

काशी दारात उभी होती. आत आली नाही. "औषद झालं?" तिने विचारलं.

मला एसटी गाठून मुरबाडला फोनसाठी जायचं होतं. समजावत बसायला वेळ नव्हता. हो म्हटलं.

तिने पदराने तोंड पुसलं आणि सूप उचलून पुढच्या खोलीत ठेवलं.

फोनवर सरांच्या मदतनिसाने सांगितलं की सर परदेशी आहेत, परिषदेला. निरोप ठेवला. परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईने कुठे असता विचारलं, तिला सगळंच सांगायला लागले. ती सरळगावला उतरली.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. गेले. खुर्ची दिली. पुण्याहून काही नाही.

१४ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी छापील निबंध पाठवला आहे, सोबत पत्र नाही. शीर्षक आमच्याच कामाचं. लेखक चौघे, पैकी तिघांना मी ओळखत नाही. माझी चौदा पानं एका परिच्छेदात बसवली आहेत, सुपाला "हलक्या यांत्रिक कंपनाने केलेले विलगीकरण" म्हटलं आहे. शेवटी आभार मानले आहेत, त्यात "कुं. कर्णिक, क्षेत्रीय साहाय्य."

परिषदेची तारीख गाठायची म्हणून घाई झाली असेल. माझा शेवटचा निकाल त्यांना उशिरा मिळाला, फोन आधी करायला हवा होता. आद्याक्षर बरोबर छापलं आहे.

गोजरे यांनी निबंध हातात घेऊन शेवटपर्यंत पाहिला. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. "तुमचं नाव वर नाय," एवढंच म्हणाले. मग नायट्रोजनचं भांडं भरताना त्यांच्या हातावर सांडलं. ते असं कधी करत नाहीत.

जेवले नाही आज.

५ ऑक्टोबर

दोन पत्रं. दिल्लीच्या विज्ञान खात्याचं, माझं अनुदान येत्या मार्चनंतर वाढवता येत नाही, कारण हेच काम पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आणि सरांचं, "आता तिथे एकटीने कुढत बसू नकोस. इथे तुझी व्यवस्था करतो, अर्क बनवण्याच्या विभागात." कुढत हा शब्द मी त्यांना कधी लिहिला नव्हता.

काशी गवत कापायला जाणार, दिवाळीपर्यंत येणार नाही. दरवर्षी वाडीतल्या सगळ्या बाया जातात. ती जाताना मी काहीतरी बोलायला हवं होतं. सूप कुठे ठेवू, एवढंच विचारलं.

१४ ऑक्टोबर

सरांना उत्तर लिहिलं नाही. येत नाही असंही नाही आणि येते असंही नाही. भिंतीवरच्या चौघांकडे बघत चहा घेतला.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

रात्र झाली आहे, तरी आजच लिहिते.

साडेदहाला ओरडा ऐकू आला. लखमा आणि दोघं जण चादरीची झोळी करून काशीला घेऊन उतरत होते. गवताच्या पेंढीखाली लाल विंचू होता, उजव्या हाताला डसला, तासभर तरी झाला होता. मी म्हटलं, इथे कशाला आणलं, सरकारी दवाखाना त्या बाजूला, वाडीवरून जवळची वाट आहे. लखमा म्हणाला, "तीच म्हनली, बायकडं न्या. बायनं औषद केलंय."

तिचं सगळं अंग घामाने भिजलेलं, केसांतून पाणी ओघळत होतं. हात मात्र बर्फासारखे. दोनदा ओकली. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बाय, तुझी बाटली दे."

बाटली नायट्रोजनमध्ये होती, चार पावलांवर.

"काशी, त्यात औषध नाही," मी म्हटलं. "त्यात विंचवाचंच विष आहे. मी तेच बनवत होते."

तिने मान दुसरीकडे फिरवली.

गोजरे तेव्हाच मोटारसायकलवर आले. मागे बांधलेलं नायट्रोजनचं भांडं त्यांनी दोरी कापून रस्त्याच्या कडेला टाकलं. काशी मधे, मागे मी तिला धरून. ती थरथरत होती आणि मला तिची नाडी हाताखाली लागत होती, कधी जोरात, कधी नाहीच. वाटेत ती एकदाच बोलली, माझ्याशी नाही. कुणा सोमीला हाक मारली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्तदाब पाहिला, छाती ऐकली, एक गोळी दिली. साधी रक्तदाबाची गोळी. विंचवाच्या विषाने हृदयावर जो ताण येतो तो तिने उतरतो, वेळेत आलं तर बहुतेक वाचतात, म्हणाली. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी तिला विचारलं, हे तुम्हाला कुठून कळलं? ती माझ्याकडे बघत राहिली. सगळ्यांना माहीत आहे, म्हणाली.

विंचवावर अकरा वर्षं वाचते आहे. ही गोळी मीही वाचली होती. माझ्या निबंधांत ती एका ओळीत येते.

२० ऑक्टोबर

काशी शुद्धीत आहे. घाम थांबला. मी खाटेपाशी गेले तेव्हा डोळे मिटून होती, झोपली नव्हती.

बाहेर लखमा कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, "सोमीलापन असाच घाम आला व्हता." सोमी कोण, विचारलं. त्यांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी, चार वर्षांची, आईबरोबर गवताला गेली होती. त्यांनी मांत्रिकाकडे नेलं. दवाखान्याचं कुणाला सुचलं नाही, तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. "जावळ ठेवलं व्हतं तिनं," म्हणाला, "आता कुठं ठेवलंय ठाव नाय."

परत आल्यावर ३ फेब्रुवारीची नोंद काढून वाचली. केराटिनवर मी अर्धं पान लिहिलं आहे.

२१ ऑक्टोबर

नायट्रोजनचं भांडं रस्त्याच्या कडेला उलटं पडलेलं सापडलं. रिकामं. त्या गडबडीत घरच्या भांड्यात नायट्रोजन भरायचा राहिला, लोडशेडिंगमध्ये फ्रीजही बंद होता, अर्क सगळा गेला. दहा महिन्यांचा. मला त्याचं काहीच वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

२७ ऑक्टोबर

वाडीवर गेले. वर्षभरात पहिल्यांदा. चढ आहे, तासभर लागला. काशी रोज हे उतरून येत होती आणि चढून जात होती.

ती अंगणात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मला बसायला सांगितलं नाही, मी उभीच राहिले. जे सांगायचं होतं ते पाठ करून गेले होते, पण तिने आधीच विचारलं.

"तवा का नाय सांगितलंस?"

"वेळ नव्हता," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही. वेळ होता. विष म्हटलं तर तू यायची बंद होशील असं वाटलं. तू आली नसतीस तर दिवसभर तिथे कुणी नसतं."

हे मी बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं.

काशीने गळ्यात बांधलेला हात सरळ केला. मग म्हणाली, "इख म्हनली अस्तीस तरी आले अस्ते. मना बघायचं व्हतं, येवढासा इंचू, त्याच्यात काय अस्तंय म्हनून."

मी सांगितलं. अगदी पहिल्यापासून, तिला कळेल तसं. त्या विषाने अंगातली एक कडी उघडी राहते, मग शरीर स्वतःलाच झोडपत सुटतं, हृदय थकतं. गोळी ती मारझोड थांबवते, तोवर विष आपोआप उतरतं. मांत्रिकाकडे जितका वेळ जातो तितकं हृदय थकतं. ती मधे मधे विचारत होती. सोमीचं हृदय थकलं का, हेही विचारलं. मी हो म्हटलं. या वेळचं हो खरं होतं.

ती रडली नाही. थोड्या वेळाने आत जाऊन नाचणीची भाकरी आणि सुकट घेऊन आली, डाव्या हाताने ताट सरकवलं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना पत्र टाकलं. पुण्याला येत नाही. पुढे कुठे हे छापाल तेव्हा अंकुर वेगळे करण्याची पद्धत काशी लखमा मेंगाळ, ठाकूरवाडी, वैशाखरे, यांची आहे असं नावानिशी लिहावं. माझं नाव कुठेही घातलं नाही तरी चालेल. तीन ओळी झाल्या.

गोजरे यांनी पत्र शहापूरहून टाकतो म्हणून खिशात ठेवलं. नवं दोरखंड आणलं होतं भांड्याला. मी विचारलं, मंगळवारची तुमची फेरी म्हणजे नक्की कुठे कुठे असते? ते भांडं बांधत राहिले. मग म्हणाले, "इथंच असते, मॅडम."

मी चहा ठेवला. ते थांबले.

७ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरिणीकडून गोळीची माहिती नीट लिहून घेतली आणि वाडीवर गेले. काशीने बायांना जमवलं होतं. उद्यापासून पुन्हा गवताला जाणार सगळ्या, पंधरावीस जणी, विळे धार लावून ठेवलेले. मी बोलायला उभी राहिले तर त्या सगळ्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसल्या. दोन वाक्यांनंतर काशीने मला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

तिने सोमीपासून सुरुवात केली. मुलीचं नाव घेऊन, कुणी मधे न बोलता. मग स्वतःचं सांगितलं, घाम कसा आला, हात कसे गार पडले, आणि चुकीच्या दारात गेल्याने किती वेळ गेला. ते दार माझं होतं, तिने तसंच सांगितलं, मी तिथेच बसलेले असताना. नंतर कडीचं सांगितलं. उघडी राहते ती कडी. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. डसला की मांत्रिक नाय, इकडं तिकडं नाय, झोळी करायची आनि सरळ दवाखाना. बायांकडून तिने ते तीनदा म्हणून घेतलं, शाळेसारखं.

मी कडेला एका दगडावर होते. रखमी नावाची म्हातारी समोरच्या फळीवर टोपली घेऊन बसली होती, ती पहिल्यापासून माझ्याकडेच बघत होती. सगळं संपल्यावर तिने काशीला विचारलं, "आनि ही कोन?"

"ही आमची बाय," काशी म्हणाली. "गव्हात इंचवाचं इख करते."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. म्हातारीने विचार केला.

"आनि औषद?"

"त्ये नाय येत तिला. त्ये दवाखान्यात."

एक जण हसली, मग दुसरी, मग सगळ्याच, काशीसुद्धा, गळ्यातला हात सांभाळत. मला हसू आलं की काय आलं सांगता येत नाही, चष्मा काढावा लागला. रखमीने टोपली उचलून खाली ठेवली, फळीवर हाताने जागा झटकली.

"तिथं का दगडावर," ती म्हणाली. "हिकडं बस गो."

मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.